पाठवलेली माणसं

दार चार बोटं उघडायचं, साखळी तशीच अडकवलेली. त्या फटीत आधी चष्म्याची एक काच दिसायची, मग तिच्यामागचा डोळा, आणि मग प्रश्न यायचा. "स्वतःहून आलीस, का कुणी पाठवलं?"

कुवेतमधल्या हवल्ली भागात ज्या जुन्या इमारतीत आम्ही भाड्याने राहायला गेलो, तिथे आमच्या बरोबर खालच्या घरात त्या राहायच्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या बाथरूमचा पाइप फुटला. खाली पाणी उतरत नाही ना, हे बघायला मी गेले, तर हा प्रश्न, आणि तोही हिंदीत. मी इतकी गडबडले की तोंडातून निघून गेलं, "अगं बाई!" लगेच साखळी निघाली.

"मराठी होय? मग आधी सांगायचं ना. ये आत. चपला राहू देत."

त्यांना सगळे सिस्टर म्हणत. जवळच्याच एका खासगी दवाखान्यात त्या नर्स होत्या, म्हणून हारिस, म्हणजे आमच्या इमारतीचा इजिप्शियन रखवालदार, सिस्टर म्हणे. खालच्या किराणा दुकानातला मल्याळी सिस्टर म्हणे. मीही तेच म्हणायला लागले. आणखी एका ठिकाणी त्यांना सिस्टर म्हणत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बाई नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती घरातल्या. अंगाने काटकुळ्या, केस आखूड कापलेले, घरातही साडी कडक इस्त्रीची. माया दाखवायची त्यांची एक रीत होती. बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायच्या आणि नाडी बघायच्या. तेवढा वेळ समोरच्याने गप्प बसायचं. माझा नवरा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत शिफ्टवर असायचा, मुलगी शाळेत. मी एका कंपनीचे हिशेब बघून दुपारी परत यायचे आणि रिकाम्या घरात शिरण्याआधी खाली थांबायचे. मनगट पुढे करायचे. "दमलीयेस," त्या म्हणायच्या, आणि चहा टाकायच्या. अशी माणसं तुमच्याही इमारतीत कधी ना कधी राहून गेली असतील, ज्यांच्याकडे जाण्यासाठी कारण लागत नाही.

त्यांचा चहा मात्र साधा नव्हता. म्हणजे चहा साधाच, आलं घातलेला, पण त्या तो असा प्यायच्या की जणू कुणी आता कप काढून घेईल. एकदा मी हसून तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "माझी बरीच वर्षं बिनचहाची गेली गं. भरून काढतेय." डॉक्टरांनी बंद केला होता का, असं मी विचारलं. "देवाने," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

त्यांच्याकडे येणाऱ्या बायका मी आधी जिन्यात पाहिल्या. दोघी दोघी यायच्या. कधी गोऱ्या, कधी फिलिपिनो, कधी आपल्याकडच्या. लांब स्कर्ट, नीट विंचरलेले केस, आणि एकीच्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेली, वर रिबन बांधलेली केकची नाहीतर बिस्किटांची प्लेट. वर जाताना त्या खूप हसतमुख असायच्या. खाली उतरताना एकमेकींशी बाजाराच्या, शाळेच्या गप्पा मारत असायच्या, सुटका झाल्यासारख्या. मला वाटे, दवाखान्यातल्या ओळखीच्या असतील.

एकदा मी सिस्टरकडे बसलेली असताना अशाच दोघी आल्या. नेहमीचा प्रश्न इंग्रजीत झाला. "कुणी पाठवलं?" बाहेरून गोड उत्तर आलं, "आम्हाला तुमची फार आठवण येते, सिस्टर." फटीतला डोळा बारीक झाला. "आठवण येते? बाई, आपण कधी भेटलोय?" मग एक जण हसून म्हणाली की ती गेल्याच महिन्यात कुवेतला आलीय. "मग माझी आठवण तू कुठून आणलीस?" सिस्टर म्हणाल्या. पण साखळी काढली. दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांना जमायचं नाही.

त्या दोघी सोफ्याच्या कडेवर बसल्या. सिस्टर आपला कप घेऊन समोर बसल्या. त्यातली नवी बाई कपाकडे बघत राहिली. शेवटी तिने विचारलं, "हा हर्बल आहे ना?"

"नाही. आसामचा आहे," सिस्टर म्हणाल्या आणि फुर्रकन घोट घेतला.

मला हसू आवरेना. त्या दोघींनाही कळेना हसावं की काय करावं. मग एकीने प्रार्थना म्हटली, सिस्टरचा हात हातात घेतला आणि निघताना विचारलं, "आम्ही तुमच्यासाठी काही करू शकतो का?" त्या शब्दांना फार वापरून आलेली गुळगुळीत चकाकी होती. सिस्टर नेहमी "नाही" म्हणायच्या, हे मला त्या दोघींच्या पर्स उचलण्याच्या घाईवरून कळलं.

त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "हो. करू शकता."

दोघी उभ्याच राहिल्या.

"येत्या शुक्रवारी आमचे हे गेले त्याचा वर्षदिवस आहे. दफनभूमी लांब आहे. तुमच्याकडे गाडी आहे. मला सकाळी तेवढं घेऊन जा. फार वेळ नाही लागत. मी फुलं ठेवते, दोन शब्द बोलते, की परत."

"नक्की!" त्यातली गोरी बाई म्हणाली. मग तिला आठवलं की शुक्रवारी त्यांची उपासना असते. "पण आम्ही काहीतरी जमवू. नक्की जमवू, सिस्टर."

त्या शुक्रवारी सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले, तर सिस्टर तळमजल्यावर हारिसच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. पांढरी साडी, पायात मोजे, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं. मी म्हटलं, येतायत का त्या? "येतील. म्हणाल्यात ना," त्या म्हणाल्या. मी भाजी घेऊन आले, तरी त्या तिथेच. स्वयंपाक करून केर टाकायला उतरले, तरी तिथेच. फुलांच्या कागदाला ओल सुटली होती. जुम्म्याच्या नमाजाला निघालेल्या हारिसने त्यांच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली होती, ती तशीच.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. संदेशात गुलाबी बदाम होते आणि जोडलेले हात. आज आमच्या प्रार्थनेत तुम्ही आहात, असं लिहिलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी प्रार्थनेत आहे. गाडीत नाही."

मी वर जाऊन नवऱ्याला उठवलं. तो शिफ्ट करून नुकता झोपला होता, पण काही न विचारता गाडी काढली. दफनभूमीत वाळू, वाऱ्याने वाकलेली चार झाडं आणि ओळीने बुटके दगड. सिस्टरनी पदराने एका दगडावरची धूळ पुसली, फुलं ठेवली आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, "उशीर झाला. गाडी मिळेना."

परत येताना त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या सीटवर बसून, खिडकीबाहेर बघत.

नर्सिंगची पहिली नोकरी त्यांनी हैदराबादला केली. लग्नही तिथलंच, नवरा नगरचाच, शाळेत कवायतीचा मास्तर. एके दिवशी पांढरे शर्ट घातलेले दोन तरुण दारात आले. ते मॉर्मन होते. हा ख्रिस्ती धर्मातलाच अमेरिकेत सुरू झालेला एक पंथ. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही चालत नाही. पगारी पाद्री नसतो, सगळी कामं सभासदांनीच वाटून घ्यायची. एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणायचं. आणि मंदिरात विधी झाला की कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं, असा विश्वास. "आमच्या ह्यांना ते फार आवडलं," सिस्टर म्हणाल्या. "मूल झालं नाही ना आम्हाला. दोघंच होतो. तर निदान दोघं तरी कायम राहू."

मग त्या कुवेतला आल्या, पाठोपाठ नवरा आला, एका गोदामात कामाला लागला. शुक्रवारी एका बंगल्यात उपासना असायची. मास्तर मोठ्याने गायचे आणि हटकून बेसूर. सगळे हसायचे, पण ते आले नाहीत तर गाणं फिकं वाटतं, असंही म्हणायचे. एका सकाळी अंघोळीला गेलेले मास्तर बाहेर आले नाहीत.

"तेव्हा आली सगळी," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणार नाही. डबे आणले, रात्रभर बसले, कबरीवर माती टाकली. एक अमेरिकन बाई होती, ती आठवडाभर माझ्या घरी खाली गादी टाकून झोपली. तिला कुणी पाठवलं नव्हतं."

पण कुवेतमध्ये माणूस पाहुणाच. ती अमेरिकन बाई गेली, तिच्या मागोमाग ओळखीचे सगळे एकेक करून आपापल्या करारांप्रमाणे गेले. नवी माणसं आली, ज्यांनी मास्तरांचं गाणं ऐकलं नव्हतं. सिस्टरची शुक्रवारची ड्युटी लागली आणि अख्खा उन्हाळा त्या बंगल्यावर गेल्या नाहीत. कुणाचा फोन आला नाही. शेवटी ड्युटी बदलली, त्या तयार होऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आत येऊन बसल्या. "मी नव्हते, हे कुणाला कळलंच नाही गं. मग गेले काय नि न गेले काय. उठले, खाली दुकानातून चहापत्ती आणली." नंतर तिथे कुणी नवा प्रमुख आला. सुटलेल्या माणसांना परत आणायचं ठरलं. कुणी कुणाच्या दारी जायचं, हे वाटून दिलं गेलं. आणि प्लेटा यायला लागल्या.

"राग नाही येत मला," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्या आपलं काम करतात. पण मी कुणाचं तरी काम आहे, हे रोज रोज कळून घ्यायला नको वाटतं."

प्रिसिला आली ती पुढच्या हिवाळ्यात. एकटीच आली, हात रिकामे, केस वाऱ्याने विस्कटलेले. फरवानियातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. मी तेव्हा जिन्यातच होते. दार चार बोटं उघडलं, प्रश्न आला. तिने खाली बघितलं आणि खास हैदराबादी हिंदीत म्हणाली, "पाठवलंयच अक्का, खोटं कशाला बोलू. जोडीदारीण आजारी पडली. पण दोनदा चुकीच्या बसमध्ये बसले आणि तरी घरी परत गेले नाही. तेवढं माझं स्वतःचं."

सिस्टर हसल्या. मी त्यांना तसं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं. साखळी निघाली.

ती पोरगी त्यांना सिस्टर म्हणालीच नाही कधी. अक्का म्हणायची. तिच्या तेलुगूत मोठी बहीण म्हणजे अक्का, आपल्याकडेही तेच. त्या एका हाकेने बाईंची चालसुद्धा बदलली. प्रिसिला दर शुक्रवारी उपासना आटोपून दुपारी यायला लागली. सिस्टर तिच्यासाठी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायच्या. पहिला घास घेतल्यावर ती ओरडली, "अय्यो, हे तर आमचं उलवलु!" मग दोघींचं भांडण लागलं, हुलगे आधी नगरचे की आंध्राचे. मला पंच म्हणून वरून बोलावण्यात आलं. मी सांगलीची असल्यामुळे माझा निकाल दोघींनी फेटाळला.

त्या हिवाळ्यात शुक्रवारी साखळी अडकवलेली नसायची. दार नुसतं लोटलेलं. सिस्टर मोडकं तेलुगू बोलायच्या, प्रिसिला मराठी शिव्या शिकली. एकदा दोघी बसने दफनभूमीत जाऊन आल्या, पुढचा रस्ता उन्हातून चालत. आल्यावर सिस्टर मला सांगत होत्या, "गायली गं ती तिथे. मोठ्याने. आणि काय बेसूर! आमचे हे उठून बसले असतील." सांगता सांगता डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

मी मनात म्हणायचे, लागलं बाई यांचं मार्गी.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी शिऱ्याची वाटी घेऊन खाली गेले होते. प्रिसिला ताटावर बसली होती आणि सांगत होती, पुढच्या महिन्यात बाहेरून कुणी मोठी मंडळी येणार आहेत, खास सभा आहे, अक्का, तुम्ही चलाच. सगळे विचारतायत. मी सांगितलंय, माझी अक्का येणार.

सिस्टरनी तिच्या ताटात आधी वाढायचं ते वाढलं. मग समोर बसल्या आणि तिचं मनगट हातात घेतलं. ती गप्प झाली.

"प्रिसिला, तुला एक सांगते. मी परत यायची नाही."

"आज नका ठरवू, अक्का."

"आज नाही ठरवलं. केव्हाच ठरलंय. देवावर राग नाही, तुमच्या लोकांवर नाही. पण मी येणार नाही, पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही. हे तुला माहीत असावं. आणि हे माहीत असून तुला यावंसं वाटलं, तर दार उघडंच आहे."

प्रिसिलाने मान हलवली. हळू हळू सगळं ताट संपवलं. जाताना वाकून नमस्कार केला, जो ती एरवी करत नसे. "फिर भी आऊँगी, अक्का," म्हणाली.

ती गेल्यावर मी न राहवून बोलले, "कशाला सांगितलंत, सिस्टर? बघू, विचार करते, असं म्हणून लांबवायचं ना थोडं. कुणाचं काय जात होतं?"

"लांबवलं असतं," त्या म्हणाल्या. त्या हातातल्या फडक्याने पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होत्या. "पण मग ती माझ्यासाठी येतेय का माझ्या होकारासाठी, हे मला कधी कळलं असतं? आणि रोज तिला आशेवर ठेवून जेवू घालायचं म्हणजे मग मी तरी कोण? त्या प्लेटवाल्यांच्यातलीच ना."

पुढच्या शुक्रवारी शेंगोळी झाली. प्रिसिला आली नाही. बस चुकली असेल, सिस्टर म्हणाल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही झाली. दवाखान्यात काम वाढलं असेल. मग रमजान आला, कामाच्या वेळा बदलल्या, हेही कारण झालं. सिस्टरनी स्वतः फोन केला नाही. मी दोनदा सुचवलं. "मी बोलावलं तर ती येईल," त्या म्हणाल्या. "लाजेकाजेने येईल. तसली नको मला." शेंगोळीचं पातेलं दुपार टळली की वर आमच्याकडे यायचं. माझी मुलगी कुरकुरायची, "नॉट अगेन, आई." मी आणि नवरा मुकाट्याने खायचो.

एका शुक्रवारी खालून बोलण्याचे आवाज आले म्हणून मी आनंदाने उतरले. दोन नव्या बायका होत्या, हातात रिबन बांधलेली प्लेट. सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. इंग्रजीत एवढंच विचारलं, "प्रिसिला बरी आहे ना?"

"ओह, शी इज वंडरफुल!" त्यातली एक म्हणाली. "इतकी कामात असते! आम्हाला सगळ्यांना ती फार आवडते."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मलाही."

त्या गेल्यावर साखळी परत लागली. आत भांड्यांचा आवाज नाही, टीव्हीचा नाही. मी पायरीवर जरा वेळ थांबले. मग दार वाजवलं, तर आतून म्हणाल्या, "आज झोपते गं. उद्या ये."

त्यानंतर वर्षभरात दवाखाना दुसऱ्या मालकाकडे गेला आणि वयस्क नर्सना कमी केलं. नोकरी संपली की इकामा संपतो, आणि इकामा संपला की माणसाने देश सोडायचा. इथे राहायची परवानगी कामाला असते, माणसाला नसते. सिस्टरनी रडारड केली नाही. भांडी वाटली, गाद्या हारिसला दिल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "एकदा नेशील?"

दफनभूमीत त्या दिवशी धुळीचा वारा होता. दगडांच्या ओळी दिसत होत्या आणि दिसेनाशा होत होत्या. सिस्टर दगडाशेजारी खाली बसल्या. इतके दिवस त्यांना मी तिथे उभ्याच पाहिलं होतं. तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मग उठताना हात दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "चलते मी. तुम्ही राहा."

गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "कायमचं एकत्र राहायचं म्हणून आम्ही चहा सोडला होता. आता हे इथं, मी नगरला." मग एकदम, "वारा फार आहे, काच वर घे."

नगरला त्या भाचीच्या घराशेजारी एका खोलीत राहायला लागल्या. मी शुक्रवारी फोन करायचे. त्यांच्या आजीच्या काळातलं जुनं चर्च जवळच होतं, तिथे जायला लागल्या होत्या. "मागच्या बाकावर जाऊन बसते," म्हणाल्या. "कुणी विचारत नाही, इतकी वर्षं कुठे होतीस."

"बरं वाटतं का?"

"बरं वाटतं." मग म्हणाल्या, "आणि वाईटही वाटतं."

प्रिसिलाचा विषय त्या काढत नसत. एकदाच, उन्हाबद्दल बोलता बोलता म्हणाल्या, "त्या पोरीला टोपी घालून फिर म्हणावं. दिसली तर सांग."

एका शुक्रवारी फोन भाचीने उचलला. मावशी गेल्या, म्हणाली. चार दिवस झाले. झोपेतच. सकाळी चहा घेऊन गेले तर उठल्या नाहीत. तुमचा नंबर कुठे शोधावा कळेना. मी सगळं ऐकून घेतलं, तिला विचारायचं ते विचारलं, फोन ठेवला. मुलीने आतून विचारलं, "हू वॉज इट?" मी म्हटलं, सिस्टर. आणि मग लक्षात आलं की या देशात ही बातमी सांगावी असं माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही. हारिस बदलला होता. किराणा दुकानातला मल्याळी गावी गेला होता. खालच्या घरात एक सिरियन कुटुंब आलं होतं, त्यांची मुलं दिवसभर दार उघडं टाकून खेळायची.

प्रिसिला मला भेटली ती त्यानंतरच्या थंडीत. हवल्लीतल्या जमियातून, म्हणजे आमच्या भागातल्या मोठ्या सहकारी दुकानातून, मी सामान घेऊन बाहेर पडले. समोरच्या बस थांब्यावर ती बाकावर बसली होती. अंगाने भरली होती. मला बघून उठली, पळून जावं की यावं असं झालं तिला. मग आलीच.

"अक्का कशी आहे?"

मी काही बोलायच्या आत तीच घाईघाईने सांगायला लागली. तिला कुणी जाऊ नकोस असं म्हटलं नव्हतं. एवढंच म्हटलं होतं की त्या बाईंचं तर ठरलेलंच दिसतंय, आता दुसऱ्या एका घरी तुझी जास्त गरज आहे. आणि शुक्रवारची दुपार एकच असते. एक आठवडा गेला. दुसरा गेला. मग वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडाने जाऊ? अक्का विचारणार, स्वतःहून आलीस का. तर या वेळी मी खरंच स्वतःहून जाणार होते. किती वेळा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. आजही त्यासाठीच आले होते. हिंमत होईना, म्हणून इथे बसले होते.

"ती घरी आहे ना आज?" तिने विचारलं.

मी तिला बाकावर बसवलं आणि सांगितलं. नगरला गेल्या ते सांगितलं, मग बाकीचं.

हातातली पिशवी तिने आधी मांडीवर घेतली, मग शेजारी ठेवली, मग परत मांडीवर घेतली. रस्त्यापलीकडे शाळेच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मग तिने विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं?"

"झोपेत गेल्या," मी म्हटलं.

"ते नाही. कोण होतं?"

फरवानियाची बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, थोडा थांबला आणि निघून गेला. प्रिसिला उठली नाही. माझ्या पिशवीतलं दूध फ्रीजमध्ये ठेवायचं होतं, घरी मुलगी वाट बघत होती. मीही उठले नाही.